बोडखीच्या डोंगरावरची भाकर

विहीणबाई,

तुम्ही गेल्यावरच्या जलदानाला चार जण उभे राहून बोलले. तुम्ही प्रेमळ होत्या, शांत होत्या, कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत, असं म्हणाले. मी पदरात तोंड घालून बसले होते. बायकांना वाटलं, रडते आहे. मी हसत होते. शांत म्हणे! तुम्ही शांत असत्या तर या वयात मी डोंगर चढायला शिकले नसते.

मलाही बोला म्हणाले. मी नाही म्हटलं. चार माणसांत उभं राहून बोलायची मला सवय नाही. पण लिहिता येतं. चौथीपर्यंत शिकले आहे, तीही शाळेच्या बाहेरच्या ओट्यावर बसून, कारण तेव्हा आपल्या पोरांना आत घेत नव्हते. खिडकीतून जेवढं ऐकू आलं तेवढं शिकले. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुम्ही जिवंत असत्या तरी हे दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतलं असतं आणि मधेच म्हणाल्या असत्या, "हे खोटं लिवलं बाईनं." म्हणून खोटं लिहिणार नाही.

आपली ओळख लग्नाच्या मांडवातली. माझी शांता तुमच्या पुंडलिकला दिली. पंगत बसली आणि तुम्ही साऱ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणालात, "वरन खारं झालं, इहीनबाई."

मी म्हटलं, "मंग पानी प्या."

तुम्ही मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या वेळीच मला कळलं, ही बाई सोपी नाही. तुम्हालाही तेच कळलं असणार.

आपल्यात रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या सासरचं अन्न खात नाहीत, पाणीसुद्धा पीत नाहीत. माझ्या आईनं पाळली, तिच्या आईनं पाळली. मीही पाळायचं ठरवलं. त्यात मला काही विशेष वाटलं नव्हतं. वर्ष-दोन वर्षांत नातू होईल, मग पोटभर जेवून येऊ, एवढाच विचार.

लग्नानंतरच्या वैशाखात मी शांताला भेटायला आले. माझं गाव डोंगराच्या एका अंगाला, तुमचं दुसऱ्या अंगाला. रस्त्यानं यायचं तर मालेगावला जाऊन एसटी बदलावी लागे. तेवढा खटाटोप नको म्हणून मी डोंगराच्या कडेकडेनं वळसा घालून चालत आले. तुमच्या अंगणात टेकले तेव्हा डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचत होते. शांतानं तांब्या आणला. मी नको म्हटलं. मग तुम्ही तिच्या हातातून तो तांब्या घेतला आणि माझ्यासमोर धरला.

"पानी घ्या."

"नको."

"उनातून आल्या, पानी घ्या म्हनलं."

"लेकीच्या घरचं पीत नाई मी. तुमाले मालूम नाई काय?"

"मालूम हाये. पन जीव गेला तं मयत माह्या दारात होईन. ते काय तुमी उचलान?"

गल्लीतल्या बाया दारात येऊन बघत होत्या. मी उठले, शांताच्या पाठीवरून हात फिरवला आणि निघाले. गावाबाहेरच्या नाल्यात वाळू उकरली, झिऱ्याला पाणी यायची वाट बघितली आणि ओंजळीनं प्याले. मागे वळून पाहते तर तुम्ही काठावर उभ्या. कंबरेवर हात.

"हे पानी कोनाचं?"

"नाल्याचं."

"अन् तो डोंगर कोनाचा?"

"कोनाचा नाई. सरकारचा."

"मंग अमुशेले वर येजा. तुमी तिकडून चढा, मी इकडून चढतो. सरकारच्या घरी बसून बोलू. तथी तं तुमची रीत आडवी येत नाई?"

अमावस्येला आपल्याकडे औत धरत नाहीत. औत बंद म्हणजे मजुरी बंद. तुम्ही हे सगळं उभ्या उभ्या ठरवून टाकलं होतं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण अमावस्येला पहाटे उठून भाकरी थापल्या.

डोंगराचं नाव बोडखी. अंगावर सगळीकडे झाडी, साग, अंजन, टेंभुर्णी, खालच्या अंगाला पळस. डोक्यावर मात्र नुसता काळा खडक आणि थोडं गवत. मी जन्मभर त्याच्या पायथ्याशी राहिले, पण माथ्यावर कधी गेले नव्हते. कायला जायचं? बाई जंगलात जाते ती मोळीला, नाहीतर विडीच्या पानाला. मिळालं की परत फिरते. माथ्यावर काही मिळत नाही. त्या दिवशी विळा नाही, दोर नाही, कमरेला भाकरीचं फडकं बांधून मी चढत होते आणि मलाच चोरट्यासारखं वाटत होतं. तीनदा बसले. वर पोचले तर तुम्ही आधीच खडकावर पाय लांब करून बसलेल्या.

"आल्या काय? मले वाटलं उतरल्या पुन्हा."

"तुमची बाजू सोपी असंन."

"हो, लयच सोपी. गायीबी चढतात."

मग तुम्ही बोट दाखवलं. तुमच्या अंगाला खाली गाव, नखाएवढं. तुमच्या घरावर एकच पत्रा होता, बाकी सगळं गवताचं छप्पर. तो पत्रा उन्हात चमकत होता, म्हणून घर लगेच सापडलं. तुम्ही म्हणालात, शांताला सांगून आले आहे, सूर्य डोक्यावर आला की अंगणात येऊन उभी राहा. थोड्या वेळानं पत्र्याच्या पुढे एक ठिपका आला.

"पाहा, हात हालवून राह्यली."

"बकरी हाये ते."

"बकरी दोन पायावर उभी राह्यते काय?"

"तुमच्या घरची असंन तं राहीन."

हे भांडण आपण पुढे प्रत्येक अमावस्येला केलं. मला खरोखर हात दिसायचा नाही. माझी नजर आधीच गेली होती. पण ठिपका दिसायचा, आणि तो उभा असायचा. मला तेवढं पुरायचं. शांतालाच वर का आणत नाही, असं मी एकदा विचारलं. तुम्ही म्हणालात, ती चढली तर लोक म्हणतील, माहेरी गाऱ्हाणी सांगायला गेली. दोन म्हाताऱ्या चढल्या तर म्हणतील, वेड लागलं. वेड लागलेलं चालतं.

तसंच म्हणायचे लोक. शेजारीण विचारायची, "गेली होतीस तं सरपन कुठी हाये वं?" मी सांगायचे, पाहायला गेले होते. तिला ते पटायचं नाही. रिकाम्या हातानं डोंगरावरून खाली येणारी बाई आमच्या वस्तीत तोवर कुणी पाहिली नव्हती.

नाकेदार आठवतो का? जंगलावर नवीन आला होता, चोरटी तोड पकडायची फार हौस. आपण माथ्यावर डोक्यावरचे पदर काढून बसलो होतो. वर बघणारं कुणी नसायचं, म्हणून पोचल्यावर पहिलं काम ते. वाऱ्यानं केस सुटलेले, दोन्ही डोकी पांढरी. तो झाडीतून वर आला आणि जागच्या जागी थांबला. अमावस्येचा दिवस, त्यात हे असं.

"कोन हाये तथी?"

तुम्ही म्हणालात, "दोन चेटकिनी. या, बसा. जागा हाये."

त्यानं लांबूनच काठीनं माझं फडकं उलटं केलं. "काय तोडलं?"

"भाकर तोडली," मी म्हटलं.

"मंग कायले चढल्या येवढा डोंगर?"

"पाहाले."

"काय पाहाले?"

तुम्ही खाली पत्र्याकडे बोट केलं. "याईची लेक."

त्यानं डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिलं. मग आपल्याकडे पाहिलं. मग भाकरीवर चटणी ठेवून मागितली, खाल्ली आणि गेला. उतरताना दर थोड्या वेळानं मागे वळून बघत होता. तुम्ही म्हणालात, पाय उलटे आहेत का ते बघतो आहे. मी इतकी हसले की पोटात दुखलं. नवरा गेल्यावर मी तशी हसले नव्हते. हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही डोक्यावर बसल्या असत्या.

खाण्याचं मात्र मी सैल सोडलं नाही. वर्षातून एकदा-दोनदा वळसा घालून तुमच्या दारात आले, तरी तांब्या परतच लोटायची. माझी भाकर तुम्ही खायच्या, कारण मुलाच्या आईला बंदी नाही. तुमची मी खायची नाही. तुम्ही वाद घालायच्या, डोंगरावर आणली की ती डोंगराची झाली. मी म्हणायचे, पीठ तुमच्या घरचं आहे. मग तुम्ही चढता चढता काहीतरी तोडून आणायला लागल्या. सीताफळं, टेंभरं, उन्हाळ्यात चारोळीची चारं. "हे तं माह्या बापाचंबी नाई. खा." तेवढं मी खायची. तुम्ही माझी भाकर मोडायच्या आणि दरवेळी एक तरी खोड काढायच्या. करपली, वातड झाली, मीठ विसरल्या. पण उरलेली फडक्यात बांधून घरी न्यायच्या. कोणासाठी, हे मी विचारायची नाही. माझ्या लेकीला माझ्या हातची भाकर महिन्यातून एकदा मिळत होती, एवढं मला कळत होतं.

मग दुष्काळ आला. तुम्ही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या, मी माझ्या अंगाच्या कामावर. त्या एका अमावस्येला माझ्या फडक्यात काही नव्हतं. तरी मी चढले. माझ्याच्यानं वर पोचवेना. पोचले तेव्हा तुम्ही माझ्या कमरेकडे एकदा पाहिलं. तुमचं गाठोडं सोडलं. त्यात मिलोच्या लाल भाकरी होत्या, दुष्काळात रेशनला यायचा त्या लाल जवारीच्या.

"घ्या. हे माह्या घरचं नाई. सरकारचं हाये. बोटीत बसून आलं म्हन्तात."

"सरकारचं?"

"मंग? माह्या वावरात पिकते काय असं लाल? दुकानातून थेट तव्यावर."

मी विचार केला. भूक लागलेली असली की विचार लवकर होतो. मी दोन भाकरी खाल्ल्या. मी खात होते तोवर तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या गावाच्या अंगाला लांब वाशीमच्या रस्त्यावर एसटीची धूळ उठली होती, ती बघत बसल्या आणि बडबडत राहिल्या, ही गाडी कुठली, हिला उशीर झाला, हिच्यात कोण बसलं असेल. त्या धुळीकडे तुम्ही जेवढं लक्ष दिलं तेवढं त्या गाडीच्या ड्रायव्हरनंही दिलं नसेल. त्याबद्दल मी आभारी आहे. तेव्हा म्हटलं नाही, आता म्हणते.

दुष्काळ गेला. शांताला मूलबाळ झालं नाही. वर्षं जात राहिली.

आता खरं ते लिहिते. प्रत्येक अमावस्येला चढताना मला एकच धाक असायचा. आज तुम्ही सांगाल की पुंडलिकला दुसरी बायको करतो आहोत. तुमच्या जागी दुसरी कुणी असती तर तिनं केलीच असती. तुमचे दीर मागे लागले होते, भावकी मागे लागली होती. मला लोकांकडून कळायचं. मी तुम्हाला विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. मी वर पोचले की आधी तुमचं तोंड बघायची. तुम्ही खोड काढली की माझा जीव भांड्यात पडायचा.

मागच्या साली तुम्ही सीताफळाच्या बिया थुंकता थुंकता म्हणालात, "धनजचे पाव्हने आले होते. पोरगी घेऊन."

मी हातातलं सीताफळ खाली ठेवलं.

"दीरानं आनले. पोरगी चांगली होती दिसाले. मी चहा पाजला अन् वाटे लावलं. म्हनलं, माह्या घरात एका तव्यावर एकच सून भाकर टाकते. दुसरीले चूल नाई."

तुमच्या पाया पडावं असं वाटलं. मी विचारलं, "चहात साखर होती काय?"

"गुळाचा होता."

"मंग बरं."

एवढंच बोलले मी. उतरताना मधे एका सागाला धरून उभी राहिले. पण तुमच्यासमोर एवढंच बोलले. विहीणबाई, तुम्हाला ते कळलं होतं असं मी धरून चालते. कळलं नसेल तर आता उपाय नाही.

मार्गशीर्षातल्या अमावस्येचं भांडण आता लिहायला हवं, कारण ते अर्धं राहिलं आहे.

थंडी होती. उन्हाला पाठ करून बसलो होतो. तुम्ही त्या दिवशी माझ्या भाकरीला खोड काढली नाही, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"इहीनबाई, आता पुरे करा. ये जा घरी. पानी प्या, जेवा, दोन दिवस राहा."

"नातू झाला की येईन."

"अन् नाई झाला तं?"

"तं नाई येनार. रीत माह्या मायची हाये. मी मोडत नाई."

"देव कोनाचे होते? तेबी मायचेच होते ना? छप्पन साली म्या सोता टोपल्यात भरून नदीत सोडले. माही सासू छाती बडवत होती काठावर. येवढे मोठे देव सोडले आपन, अन् हे तांब्याभर पानी सोडवत नाई तुमच्यानं?"

"हे देवाचं नाई. हे मानाचं हाये."

"कोनाच्या मानाचं?" तुमचा आवाज चढला. "जन्मभर लोकाईनं आपल्या हातचं पानी घेतलं नाई. आपल्याले पाजलं तेबी वरून ओतलं, ओंजयीत. मले वाटे, आपला धम्म घेतला, आता तरी हे सरलं. अन् आज माह्या घरचं पानी कोन नाकारते? दुसरं कोनी नाई. माही इहीन."

मी भाकरीची कड मोडत राहिले.

तुम्ही तिथे थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण थांबणं तुमच्या अंगात नव्हतं. "अन् तुमी येऊन तांब्या परत लोटता ना, तवा गल्लीतल्या बाया काय म्हन्तात मालूम हाये? म्हन्तात, पाह्य, अजून पेली नाई, म्हंजे अजून काही नाई. तुमच्या त्या नकोनं साऱ्या गावाले समजते का माह्या सुनेची कूस रिकामी हाये. शांता तवा भित्तीकडे तोंड करून उभी राह्यते. तुमी पाह्यलं नाई कधी. तुमी रीत सांभाळून राह्यल्या होत्या."

"माह्या लेकीचं मले शिकवू नका."

"अन् आयका. खाल्लं तुमी माह्या घरचं. केवाच खाल्लं. नुसत्या मिलोची भाकर थापता येते काय? फाटते. अर्धी माह्या घरची जवारी होती त्यात. काय झालं? आभाय पडलं? डोंगर खचला?"

मी उठले. भाकर फडक्यात गुंडाळली, पदर डोक्यावर घेतला आणि उतरायला लागले. मागून तुमचा आवाज आला, "पुढच्या अमुशेले येजा! भांडन अर्धंच राह्यलं!"

मी वळून पाहिलं नाही. येणार नाही असंही म्हटलं नाही. येणारच होते. सगळी उत्तरं तयार करत होते, चुलीपुढे, वावरात, झोपता झोपता. मिलोबद्दल तर चांगलंच सुनावणार होते. मला फसवलं म्हणून नव्हे. माझ्याकडे न पाहता एसटी बघत बसलात, ते दयेनं की हसू लपवायला, हे मला विचारायचं होतं.

अमावस्येला अजून काही दिवस होते. तुमचा पुतण्या सायकलवर आला. म्हणाला, अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या, सोलता सोलता एका अंगाला कलंडल्या. तो म्हणाला, बसा कॅरिअरवर, रस्त्यानं नेतो. मी म्हटलं, तू हो पुढे. मी वरून येते.

बोडखीवर पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. पत्रा चमकत होता. त्याच्यापुढे पुष्कळ ठिपके होते. त्यातली शांता कोणती, हे सांगायला कोणी नव्हतं. मी बसले नाही. तुमच्या अंगानं उतरायला लागले.

त्या अंगानं मी कधी उतरले नव्हते. वर यायचं आणि माझ्या अंगानं परत जायचं, असंच चालत आलं होतं. विहीणबाई, ती कसली वाट आहे? उभा कडा आहे तो. घसरडा मुरूम, वरून पाचोळा. दोन ठिकाणी मला बसून सरकावं लागलं. गाय सोडा, शेळीही तिथून नीट चढायची नाही. आणि प्रत्येक अवघड चढाच्या वर एक चपटा दगड, दुसऱ्या दगडावर नीट टेकवलेला, बसण्यापुरता. आपोआप दगडावर दगड असा बसत नाही. तुम्हीच मांडले होते, तुमच्या दमाला. एकामागून एक येत गेले. शेवटी मी मोजायचे सोडून दिले. माझ्या अंगाला चांगली सोपी पाऊलवाट आहे आणि मी वर येऊन दमले दमले म्हणायची. तुम्ही आधीच पोचून पाय लांब करून बसलेल्या असायच्या. किती आधी निघत असाल?

खोटारड्या. एवढं एकच तुम्हाला मी त्या उतारावर मोठ्यानं म्हटलं. आणि तुमच्या एका दगडावर बसले. अंगाला बरोबर बसला. आपण दोघी एकाच मापाच्या.

तुमच्या दारात पोचले तेव्हा तुम्हाला अजून नेलं नव्हतं. बाया भिंतीला लागून बसल्या होत्या, त्याच सगळ्या, गल्लीतल्या. शांता उठून आली, गळ्यात पडली. मग बाजूला झाली. बाकीच्या बायांना पाणी देत होती ती. प्रत्येकीपुढे तांब्या धरत होती. माझ्यापाशी आली आणि तांब्या न धरता पुढे गेली. सवयीनं. मला विचारायचं नाही, हे तिला मीच शिकवलं होतं.

मी म्हटलं, "शांता, पानी दे."

तिला ऐकू आलं नाही, की विश्वास बसला नाही. मी पुन्हा म्हटलं, मुद्दाम मोठ्यानं, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं. "पानी दे मले. डोंगर उतरून आली मी."

शांतानं तांब्या दिला. मी तोंड लावून प्याले. वरून ओतून नाही. सगळा तांब्या संपवला आणि आणखी मागितलं. दुसरा प्याले तेव्हा तहान नव्हती. तो तुमच्यासाठी प्याले. शांता माझ्याकडे तोंड करून उभी होती, भिंतीकडे नाही. हे मी या वेळी नीट पाहिलं.

मी चुकले होते असं मी म्हणणार नाही. आईची रीत होती, तिचं काही वाईट मनात नव्हतं, माझ्याही नव्हतं. पण तुमचं म्हणणं खरं होतं. दोन्ही एका वेळी असू शकतं. हे तुमच्यासमोर सुचलं असतं तर भांडण मिटलं असतं. पण मग आपण पुढच्या अमावस्येला काय बोललो असतो, हेही आहेच.

शांताला अजून काही नाही. होईल असं आता मी धरत नाही. पुंडलिक तसा बरा आहे. दीर पुन्हा बोलायला आले होते. या वेळी चहाही शांतानंच पाजला आणि वाटे लावलं. तिनं मला सांगितलं तेव्हा मी विचारलं नाही, साखरेचा की गुळाचा.

काल अमावस्या झाली. मी माझ्या अंगानं चढले. खालच्या अंगाला पळस फुलायला लागला आहे. वर खडकावर कोणी नव्हतं. आज जरा वेळ बसावं आणि जावं, असं म्हणून बसले. खाली पत्रा दिसत होता, पुढे ठिपका नव्हता. बराच वेळ नव्हता. मग तुमच्या अंगाच्या कड्यावर दगड सरकल्याचा आवाज आला आणि शांता वर आली, धापा टाकत. कमरेला फडकं.

"कशी चढे वं म्हातारी इकडून?" हे तिचं पहिलं वाक्य.

"दगडावर बसली होती काय तिच्या?"

"साऱ्या दगडावर."

आम्ही डोक्यावरचे पदर काढले. तिनं फडकं सोडलं. तुमच्या घरच्या पिठाची भाकर. मिलो नाही, काही नाही. सरळ जवारीची, तुमच्या तव्यावर केलेली. त्या लाल भाकरीत तुमची जवारी खरंच होती का, की भांडण जिंकायला तुम्ही ते ऐन वेळी रचलं, हे तिला विचारता आलं असतं. पीठ तेव्हा तीच दळायची. विचारलं नाही. ते तुमचं-माझं आहे. ते अर्धंच राहू दे.

ती म्हणाली, "सासूनं शिकोली तशीच टाकतो मी भाकर. तुह्यावानी पातय नाई जमत."

तेव्हा कळलं की तुमच्या हातची भाकर अशी लागते. इतकी वर्षं माझ्या भाकरीला नावं ठेवलीत, म्हणून आता लिहून ठेवते. जाड होती. कडेला कच्ची. मीठ कमी.

मी सगळी खाल्ली.